सहावा आवाज

आमच्या मॅडमचं एकच पालुपद: "सहा माणसांचे आवाज आण, नाहीतर प्रबंधातलं ते प्रकरण विसर." ध्वनिशास्त्रात दयामाया नसते. काकूच्या माहेरच्या बोलीत घशाच्या तळातून येणारा एक ध्वनी आहे. तो काढणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. पाच जण मी वणवण करून गाठले. सहावी घरातच होती, मला लहानाचं मोठं करणारी काकू.

पण मायक्रोफोन समोर आला की काकू बातम्या दिल्यासारखी बोलायची. आवाज घुमू नये म्हणून आम्ही दोघं तिच्या कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून बसायचो. चार दिवस तिने शब्दांची यादी वाचली, नियमाप्रमाणे प्रत्येक शब्द तीनदा, आणि तो ध्वनी एकदाही काढला नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली.

"काकू, माहेरी बोलायचीस तसं बोल ना."

"तसंच बोलतेय की. अजून कसं बोलू?"

चौथ्या दिवशी घरघर नको म्हणून मी फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र लावत होतो, तेवढ्यात काकू नासक्या दुधाचं पातेलं घेऊन कपाटापाशी आली आणि तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वाक्यावाक्याला तो ध्वनी, आणि यंत्र चालू.

माफी राहिली बाजूला. मी म्हणालो, "काकू, हेच अजून दोनदा म्हण."

"काय म्हणू?"

मी तिचाच आवाज तिला ऐकवला. तिचा चेहरा उतरला. पातेलं खाली ठेवून ती पलंगावर बसली.

"तू पाच वर्षांचा होतास," ती म्हणाली, पुन्हा त्याच स्वच्छ भाषेत. "पाहुणे आले की माझी नक्कल करून दाखवायचास. ते हसले की परत करायचास. मग मी तसं बोलणं सोडलं. पुसून टाक ते."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. पाच माणसांसाठी मी गावोगाव हिंडलो होतो. सहावीला मीच गप्प केलं होतं.

मी पुसलं.