बंद फाटकाचा नफा

लातुरात कस्तुरा मावशीची खानावळ कुणालाबी विचारा, हात करून दाखवतील. क्लासची पोरंपोरी माझ्याकडं जेवतात. मी तोंडाची फटकळ, पण माझ्या भाकरीला आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई.

तर माझा लेक संगमेश्वर पुण्याहून धंद्याचं शिक्षण घेऊन आला अन् लागला अक्कल पाजळायला. "आई, महिन्याचे पैसे आपण आधीच घेतो. मग जे पोरगं जेवायला येत न्हाई, तेच आपल्याला कमावून देतं." म्हणलं, वा रे माझ्या शहाण्या! पण पटलं की मला. रात्रीचे क्लास साडेआठला सुटतात. आम्ही साडेआठलाच फाटक लावायला लागलो. पोरं बाहेरून हाका मारायची, "मावशी, जरासाच उशीर झाला हो!" मी आतून ओरडायची, "शिस्त म्हणजे शिस्त! वेळेवर यायला काय होतंय?" बचत अशी झाली की मी नवा फ्रीज घेतला अन् शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवला.

परवा रविवारी दुपारी किनवटहून व्यंकटी आले, लेकीला भेटायला. लेक म्हणजे धम्मप्रिया, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करतीय. "जयभीम ताई," म्हणून माणसानं चारोळीची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "पोरगी रोज फोनवर सांगते, मावशी पोटभर जेवू घालतात म्हणून."

मी पोरीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. आदल्या रात्री फाटकाबाहेर हीच उभी होती.

दोघांना वाढलं. पोरगी भाकरीवर भाकरी खात होती. बाप कौतुकानं बघत म्हणला, "घरी एका भाकरीच्या वर जात न्हाई ही. तुमच्या हाताला लई चव हाय, ताई. पुढच्या साली धाकटीलाबी तुमच्याच हवाली करतो."

आई गं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चव कसली डोंबलाची, रात्रीची भूक होती ती. गल्ल्यावरून संगमेश्वर डोळ्यानं खुणावत होता, गप बस म्हणून. गप बसले असते तर इज्जत राहिली असती, पुढच्या सालचं गिऱ्हाईकबी पक्कं झालं असतं. पण माझं तोंड माझंच ऐकत न्हाई.

"नका आणू, दादा," मी म्हणलं. "तुमच्या लेकीच्या तोंडचा घास काढून मी फ्रीज घेतलाय. काल रात्री ही बाहेर उभी होती अन् मी फाटक उघडलं न्हाई."

व्यंकटींचा हात ताटातच थांबला. त्यांनी लेकीकडं बघितलं.

"मावशीची काही चूक न्हाई, बाबा," धम्मप्रिया घाईघाईनं म्हणाली. "मलाच उशीर झाला. पण हे आईला सांगू नका. मी जेवले म्हणल्याबिगर ती ताट घेत न्हाई."

पोरीनं मलाच पाठीशी घातलं. लाज वाटली हो, लई लाज वाटली.