चालू ठेव

"आता डावीकडे बघा मंडळी! ही सासूबाईंची दाढ. कधी कुणाला लागेल, सांगता येत नाही!"

काकाच्या हातातला माईक खरखरला आणि बोटीतले सगळे हसले. माझ्यासमोर बसलेलं नवं जोडपं जरा जास्तच हसलं. मी त्या काळ्या खडकाकडे बघत होते. त्याचं नाव 'ओहोटीला नको'. बाबांनी ठेवलेलं. पाणी उतरलं की तो वर दिसतो तेवढाच नसतो. खाली पसरलेला असतो आणि बोटीचा तळ फाडतो. नावातच सगळं सांगून ठेवलं होतं त्यांनी.

आमच्या बेटावर रस्ता अर्ध्यात संपतो. उरलेला सगळा किनारा कडे, गुहा, प्रवाळ आणि खारफुटी असा आहे, तो बघायचा तर बोटीनेच. बाबांनी आणि काकाने मिळून ही फेरी सुरू केली तेव्हा मी शाळेत होते. बाबा सुकाणूवर, काका बोलायला. बाबांना बोलायचा कंटाळा. काकाला गप्प बसण्याचा. किनाऱ्याच्या प्रत्येक वळणाला बाबांनी नाव दिलं होतं आणि प्रत्येक नाव म्हणजे एक सूचना होती: 'उजवीकडून', 'थांब जरा', 'वारा बघ', 'ओहोटीला नको'. आम्ही भावंडं ती पाढ्यांसारखी पाठ म्हणायचो. बाबा गेल्यावर काकाने सगळी नावं बदलली. 'उजवीकडून' झालं हत्तीची सोंड. 'थांब जरा' झालं प्रेमिकांचं टोक. लोकांना फोटो काढायला बरं पडतं म्हणे.

नावांचं मी सोसलं असतं. मी आले होते ते काका बाबांच्या मरणाची सांगतो ती गोष्ट बंद करायला.

"पोरी, पुढे बस की, माझ्याजवळ," काका म्हणाला. मग माईकमध्ये, "मंडळी, ही माझी पुतणी. दादांची लेक. शहरात असते, जाडजाड पुस्तकं वाचते. दादा गेल्यापासून आज पहिल्यांदाच आलीय आपल्या फेरीला."

बोटीतल्या माना माझ्याकडे वळल्या. मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या एका आजींनी तर हातच जोडले. मला कळेना, त्या कशासाठी हात जोडताहेत. मग कळलं. गोष्ट त्यांनी आधीच ऐकली होती. धक्क्यावरच्या फलकावर ती रंगवलेली आहे, बाबांच्या चित्रासकट. चित्रातल्या बाबांना मिशा आहेत. बाबांना कधीच मिशा नव्हत्या.

गोष्ट अशी: एक लहान मुलगी बोटीतून पाण्यात पडली. दादांनी मागचापुढचा विचार न करता उडी मारली. मुलीला खडकावर चढवलं आणि स्वतः लाटेने ओढले गेले.

पहिल्या वर्षी त्या गोष्टीत नुसता 'एक प्रवासी' होता. पुढे तो प्रवासी बाई झाला, मग मुलगी, आणि आता मुलीला लाल फ्रॉक आहे. मी आयुष्यभर गोष्टी वाचत आले. चांगली गोष्ट कशी बांधतात ते मला कळतं, आणि काकाची गोष्ट चांगली होती, याचाच मला सगळ्यात जास्त राग होता.

कारण खरं काय झालं ते काकानेच सांगितलं होतं. त्याच दिवशी. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात तो ओलाचिंब उभा होता, पायांखाली पाण्याचं तळं, आणि मी हातात टॉवेल घेऊन पुढे झाले होते. "वहिनी, चावी मी फिरवली, इंजिन बंद केलं," तो म्हणाला. "लोकांना गुहेचा आवाज ऐकायचा होता. एक मिनिटच म्हटलं. दादा सुकाणू माझ्याकडे देऊन मागे बांबू घेऊन उभा होता, कड्याला रेटा द्यायला. नको म्हणत होता. मी फिरवली."

ते तो एकदाच बोलला. नंतर कधीच नाही.

आईला मी विचारलं होतं, तुला ही लाल फ्रॉकवाली मुलगी चालते? आई भांडी पुसत म्हणाली, "असू दे गं. लोक त्यांना हात जोडतात. जिवंतपणी कोण जोडत होतं?"

"म्हणजे मेल्या म्हशीला मणभर दूध."

"जिभेला हाड ठेव," आई म्हणाली. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

बोट टोकाला वळसा घालून आत शिरली तसा उजेड बदलला. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये हिरवं, खोल पाणी, आणि शेवटाला ती गुहा. लाट आत शिरली की गुहेत हवा कोंडते आणि नगारा वाजावा तसा आवाज येतो. पण इंजिन चालू असलं तर तो कानावर येत नाही. म्हणून लोक नेहमी म्हणायचे, बंद करा ना जरा. बाबा नाही म्हणायचे. बाहेरून सुस्त वाटणारी लाट या चिंचोळ्या जागेत बोटीला उचलून कड्यावर घालते. आवाज ऐकायचा तर वर डोंगरावर जा, फुकट आहे, असं ते म्हणायचे. या जागेचं त्यांनी ठेवलेलं नाव होतं 'चालू ठेव'.

आता तिला दादांचा कोनाडा म्हणतात.

"इथेच," काका हलक्या आवाजात म्हणाला. माईक त्याने बाजूला ठेवला होता. इतकं त्याला कळतं. "इथेच माझ्या भावाने त्या लेकरासाठी जीव दिला."

"मग ती मुलगी?" आजींनी विचारलं. "नंतर कधी भेटायला-बिटायला आली का हो?"

"येते ना. शिकतेय आता. डॉक्टर व्हायचंय तिला."

"काय एकेक असतं बघा," आजी पुटपुटल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

मी दात आवळून बसले होते. ठरवलं होतं, लोकांसमोर तमाशा करायचा नाही. परत गेल्यावर, चहा घेताना, शांतपणे बोलायचं. वाक्यंसुद्धा जुळवून आणली होती.

"सगळ्यांनी एक मिनिट शांत राहून दादांना आदरांजली वाहू या," काका म्हणाला. आणि त्याने चावी फिरवली.

इंजिन बंद पडलं.

मला वाटलं, आपल्याला भलतंच काहीतरी ऐकू आलं. पण ऐकू काहीच येत नव्हतं. मग गुहा वाजली. बोटीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या नव्या नवऱ्याने टोपी काढली. तीच बोट, वरून निळा रंग दिलेली. तीच जागा. तीच चावी, बाबांनी तिला बांधलेल्या बुचासकट, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. आणि हे रोज, प्रत्येक फेरीला. माझ्या बापाने जे करू नका म्हणून जन्मभर सांगितलं, तेच करून हा त्याला मान देत होता.

"काका, चालू कर."

त्याने डोळे मिटलेलेच ठेवून ओठांवर बोट ठेवलं.

बोट आडवी होत होती. पाण्याने आम्हाला अलगद उचललं, आणि कडा जवळ आला. त्यावरचे कालवांचे धारदार थर दिसायला लागले.

"काका, इंजिन!"

"शू! लोक बघतायत."

मी उठले. त्याच्या कोपराखालून हात घातला आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं. नवरा मुलगा धडपडत उठला आणि कड्याला रेटा द्यायला त्याने हात बाहेर काढला.

"हात आत!" मी ओरडले. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. "हात आत घे, मूर्खा! माझे बाबा असाच रेटा देताना गेले!"

त्याने हात आत ओढला. बोटीची कड दगडाला घासली. तो आवाज दाढेतून गेल्यासारखा मस्तकात गेला. चावी पुन्हा फिरवली. इंजिन लागलं. काकाने मला खांद्याने ढकललं, सुकाणू धरलं आणि बोट मागे घेतली. झकास घेतली. हात त्याचा आजही चांगला आहे, ते मी नाकारत नाही.

बाहेर मोकळ्या पाण्यात आल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "लोकांसमोर इज्जत घालवलीस माझी."

"तुझी?"

"मी त्याला देव केला गं! तुझ्या बापाला! कोण ओळखत होतं त्याला?"

"तू त्यांना मुकं केलंस," मी म्हणाले. "मेल्यावरसुद्धा त्यांचं ऐकत नाहीस तू."

मी माईक उचलला. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. परतीच्या वाटेवर मी जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाही. फक्त नावं सांगितली. आपण आत्ता जिथून आलो त्या जागेचं नाव 'चालू ठेव'. हे 'वारा बघ'. हे, जिथे तुम्ही मघाशी मिठी मारून फोटो काढलात, ते 'थांब जरा'. कुणी हसलं नाही. हत्तीच्या सोंडेपाशी मी 'उजवीकडून' म्हटलं आणि त्याच्यापुढच्या वळणाला अडले. पाढा विसरले होते.

"'लहान मुलं मध्ये'," काका समोर बघत म्हणाला. "इथे लाट बाजूने येते."

मी ते माईकमध्ये सांगितलं. त्याच्याकडे बघितलं नाही.

धक्क्याला बोट लागली. लोक गुपचूप उतरले. आजी सगळ्यांत शेवटी. एक पाय धक्क्यावर ठेवून त्या वळल्या, आधी माझ्याकडे आणि मग काकाकडे बघितलं.

"मग ती मुलगी हो?"

काका दोर गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला.

"मुलगी नव्हती, आजी," तो म्हणाला.

हात जोडायचे की नाही, ते आजींना ठरवता येईना. पर्स छातीशी धरून त्या निघून गेल्या.

काकाने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर मार खाल्लेल्या माणसाला असते तशी अपेक्षा होती: आता तरी पुरे ना? मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

"अर्धंच सांगितलंस," मी म्हणाले. "चावीचं राहिलं."

"उद्या सांगतो."

"माहीत आहे. उद्या पहिल्या फेरीला मी आहेच."

मी चावी काढून घेतली, बुचासकट मुठीत धरली आणि फलकावरच्या मिशाळ माणसासमोरून घराकडे चालू लागले.