देव्हाऱ्यातलं विम्याचं कार्ड

मित्रांनो, तळहातात मावेल एवढं, कोपरे झिजलेलं विम्याचं कार्ड मी. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत, यंत्रातून ऊन ऊन बाहेर पडलो. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : मुलांचे दात वर्षातून दोनदा तपासणे, भरणे, काढणे, सारे विम्यात.

तिथला कामगार जयराज मला घरी घेऊन आला. त्याच्या आईनं, लीलाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात देवांच्या चांदीच्या टाकांच्या मागं ठेवलं. "देवा, ह्याला हात लावायची पाळी आणू नगंस," असं त्या रोज म्हणायच्या. कार्ड बाहेर काढलं की दुखणं उंबरा ओलांडतं, अशी त्यांची समजूत होती. मला मान मिळाला. पाठ मात्र कुणी वाचली नाही.

जयराजची मुलगी दीपमाला सात वर्षांची. ती आरती म्हणायला तोंड उघडायची, तेव्हा एकदा निरांजनाच्या उजेडात मला तिच्या खालच्या दाढेवर तिळाएवढा काळा ठिपका दिसला. पुढं तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. मला सगळं दिसत होतं, पण वाचा नव्हती.

"आत्ती, पोरीची दाढ लय ठणकतीया. कार्ड काढू का?" दीपमालाची आई क्रांती सासूला म्हणाली.

"गप गं! दुधाची दाढ ती, पडायचीच हाय. तिच्यापायी दुखणं घरात बलावतीस व्हय?"

लीलाबाईंनी दाढेत लवंग दाबली, कीड मरावी म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी दिली. दोन दिवसांत ठणका थांबला. "बघ, कीड जळाली!" त्या हसल्या. क्रांती हसली नाही.

चौथ्या दिवशी गाल सुजला. सहाव्या दिवशी सूज हनुवटीखालून गळ्यात उतरली. दीपमाला आरतीला आली, पण तिचं तोंडच उघडेना. लाळ गळत होती, श्वास घरघरत होता. क्रांतीनं टाक बाजूला सारले आणि मला ओढून काढलं.

"अगं, देव कोपंल!"

"त्येची माफी मी मागीन, आत्ती. पोरीला दम घेता येईना!"

मिरजेच्या दवाखान्यात गळ्याला चीर देऊन पू काढावा लागला. खर्च माझ्यामुळं विम्यातून भागला, जीव वाचला. डॉक्टरीणबाईंनी मला उलटं करून वाचलं. "तपासणी विम्यात होती की हो! ठिपका असताना आणलं असतं, तर एका बैठकीचं काम होतं. ठणका थांबला तो आतली नस मेली म्हणून. आता खाली तयार होणारी पक्की दाढही पुवानं गेली."

दीपमालानं गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून हळूच विचारलं, "आज्जी, माझी नवी दाढ कवा येणार?"

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, देवानं मला त्यांच्या घरी धाडलं होतं. उचलून नेणं माणसांच्या हाती होतं. तुमच्या घरी माझ्यासारखं कार्ड असेल, तर आजच आईबाबांकडून त्याची पाठ वाचून घ्या. दातांसाठी काय लिहिलंय ते विचारा, काही लिहिलं नसेल तर का नाही, तेही विचारा. ठिपका दिसला तर लपवू नका. आणि दुखरी दाढ एके दिवशी आपोआप गप्प झाली, तर खूश होऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.