सामाईक विहिरीचं पाणी

किशनराव द्राक्षवाला कोण, असं परभणीच्या जिंतूर रोडवर कुणालाही विचारलं की तो नुसती मान वर करून दाखवायचा. काळ्याभोर रानात दगडी खांब, खांबांवर तारा आणि तारांवर वेलांचा हिरवागार मांडव. सगळा इलाखा ज्वारी आणि कापूस पेरत असताना ह्या गड्यानं हैदराबादहून द्राक्षाच्या काड्या आणून लावल्या होत्या. तेव्हा लोक हसले. मग करंड्या भरभरून माल रेल्वेनं हैदराबादच्या काचीगुड्याला जायला लागला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. किशनरावाचं तोंड मात्र जे उघडलं ते मिटेचना. बाजारात जाईल, लग्नात जाईल, मयतीला जाईल, तिथं द्राक्षाचंच.

मळ्याचा सगळा जीव एका विहिरीत होता आणि ती विहीर सामाईक होती. बांधापलीकडचं रान बन्सीधरचं. आठ दिवस ह्याची मोटर चालायची, आठ दिवस त्याची. ह्याला पाळी म्हणायचे. ही पाळी किशनरावाला काही सुखासुखी मिळाली नव्हती बरं का. त्याचं रान मुळात बन्सीधरच्या चुलत्याचं. किशनरावानं ते विकत घेतलं तेव्हा बन्सीधर आडवा पडला, "रान घेतलंस, घे. पानी आमच्या घराण्याचं हाय." तेव्हा किशनरावानं चार जाणती माणसं जमवली आणि मांडी ठोकून सांगितलं, "पाळी मानसाची नसती, रानाची असती! रान ज्याचं, पाळी त्याची." जाणत्यांनी माना डोलावल्या. बन्सीधर गप बसला. ते वाक्य किशनराव पुढं कितीतरी वर्षं मिशीवर हात फिरवत लोकांना ऐकवायचा.

मग कृषी विद्यापीठ आलं आणि परभणी फुगायला लागली. मास्तर, कारकून, कंपाउंडर, ज्याला त्याला स्वतःचं घर पाहिजे. बन्सीधरनं काय केलं? कापूस मोडला, बांधावरचे आंबे पाडले, ओढ्यात मुरूम टाकून ओढाच बुजवला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि रानाचे प्लॉट पाडून विकले. दुसरा कुणी शेजारी असता तर हळहळला असता. किशनरावाला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! चुना मारणाऱ्या माणसांना त्यानं घरनं भाकरी आणि ठेचा पाठवला.

"येवढं कशाचं सुख झालंय तुमाला?" सगुणाबाईनं विचारलं. ही त्याची बायको. बोलायची कमी, पण बोलली की टोचायची.

"अगं, तितं आता ना कापूस ना ज्वारी. घराला कुटं पाळी लागती? त्यायला नगरपालिकेचा नळ येईल. सगळी हीर आपली झाली, सगळी!"

त्याच्या डोक्यात हवा भरायला आणखी एकजण आला. हैदराबादचा व्यापारी. म्हणाला, द्राक्षाची वाईन करायचा कारखाना निघतोय, काळी द्राक्षं लावा, जेवढी लावाल तेवढी उचलतो. किशनरावानं मागचापुढचा विचार न करता राहिलेल्या सगळ्या रानात काळ्या द्राक्षाचा मांडव घातला. मळा दुप्पट झाला.

"म्हंजी आता दारूसाटी राबायचं?" सगुणाबाई म्हणाली.

"दारू न्हाई गं. वाईन. मोठाले सायब लोक दवा म्हून घेतेत."

"दवा घेऊन झिंगतेत का मंग?"

ह्यावर किशनराव खोकला आणि बैलाकडं बघायला निघून गेला.

तर असा हा मळा. बन्सीधरच्या पाळीचं पाणीही हाच पिऊन टाकायचा आणि त्याची त्याला सवय लागली होती. पलीकडं हळूहळू घरं उभी राहिली. आणीबाणी उठून वर्ष होत आलं, पण नळ काही आला नाही; बायका लांबून पाणी आणायच्या.

फाल्गुनाच्या तोंडावर घड भरायला लागले होते. ह्या दिवसांत वेलाला पाणी तुटलं तर मणी सुकून जातो, वर्षाची मेहनत मातीत. किशनराव सकाळी मोटर सुरू करायला गेला आणि जागच्या जागी थबकला. विहिरीवर बायकाच बायका! घागरी, कळशा, दोर, पोहरे. कडेला एक म्हातारी उभी राहून पोहरा वर ओढत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती.

ती धुरपताबाई. सत्यशीलाबाई म्हणून शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांची सासू. बौद्ध कुटुंब. पालमकडच्या गावातून उठून इथं स्वतःच्या घरात राहायला आलं होतं. गावाकडं विहिरीच्या कडेला बसून धुरपताबाईनं उभा जन्म वाट बघितली होती, कुणीतरी येईल, वरून आपल्या घागरीत ओतेल म्हणून. तहान लागली तर ओंजळ धरायची आणि वरून धार पडेल तेवढी प्यायची. आज तिनं स्वतःच्या हातानं पोहरा सोडला होता, स्वतःच्या हातानं ओढला होता. आणि ओढल्या ओढल्या पोहऱ्यालाच तोंड लावून ती घटाघटा प्याली.

किशनरावाच्या अंगाचा भडका उडाला. पाण्यासाठी उडाला, हे तर खरंच. पण आत आणखीही एक काहीतरी जळत होतं, ते त्यानं स्वतःशीसुद्धा बोलून दाखवलं नाही.

"कुनाला इचारून पानी काडायलात?"

सत्यशीलाबाई पुढं आल्या. "मामा, ह्या आठवड्याची पाळी आमची आहे. आठ दिवस मोटर लावू नका. तळाला गेलं तर आमचे दोर पुरत नाहीत."

"तुमची? घराला कुटं पाळी असती?"

तेवढ्यात बन्सीधर सायकल लावून आला. जणू ह्या घटकेची वाट बघत कित्येक वर्षं बसला होता. "किशनभाऊ, म्या रान इकलं. पाळी रानासंगं गेली. मानसाची नसती ती, रानाची असती." जरा थांबून गालातल्या गालात हसला. "तूच सांगितलंतंस की."

किशनरावाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या शब्दावर त्याचा मळा उभा होता त्याच शब्दानं मळ्याचं पाणी तोडलं होतं. दुप्पट मळा आणि निम्मं पाणी! आठ दिवस मोटर बंद म्हणजे काळी द्राक्षं तर गेलीच, आधीची पांढरीही वाचत नाहीत. रागानं, भीतीनं, जे तोंडात येईल ते तो ओरडला.

"प्या! खुशाल प्या! इखारी पानी हाय ते. द्राक्षाचं औषद उतरलंय त्याच्यात. मरताल सगळे!"

बायका आधी दचकल्या. मग एक फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. "मामा भ्या दावायलेत!" धुरपताबाईनं तोंड पुसलं आणि पोहरा परत विहिरीत सोडला. किशनराव पाय आपटत मळ्यात आला. खोटं तर खोटं, पण बरं सुचलं, असं त्याला मनातून वाटत होतं. उद्या परत भीती घालू, परवा परत घालू, चार जणी तरी यायच्या बंद होतील.

मांडवाखाली सगुणाबाई बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमी काय बोललात त्यायला?"

"खोटंच बोललो. त्यात काय?"

"खोटं न्हाई ते," ती म्हणाली. "सकाळच्याला म्या हिरीत बघितलं. पलीकडच्या कपारीत मासे उलटे झालेत."

दोन वर्षांपासून वेलांवर पिठ्या ढेकणाची कीड पडत होती आणि त्यावर डब्यातलं जालीम औषध मारावं लागत होतं. पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं व्हायचं. ते कालवायचं पिंप ठेवलेलं असायचं विहिरीच्या थारोळ्यात, जिथं पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तिथं. फवारणी झाली की पिंप तिथंच धुवायचं. थारोळ्याचा उतार विहिरीकडं. कालच फवारणी झाली होती. कालच पिंप धुतलं होतं. त्यानंच, ह्या हातांनी.

तसाच पळत तो प्लॉटांकडं गेला, दारोदार हिंडला. "बाई, पिऊ नका ते पानी! सकाळी म्या खोटं म्हून बोललो, पर ते खरं हाय. शपथ घेतो. मासे मेलेत!"

लोक काय म्हणणार? सकाळी पाळीसाठी भांडणारा माणूस दुपारी शपथा घेतोय. एका कारकुनानं तर तोंडावर सांगितलं, "मासे तुमीच मारून टाकले असतील." सत्यशीलाबाई शाळेत गेलेल्या. धुरपताबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आमी पानी काडलं की इहिरी बाटतेत, इखारी होतेत, हे म्या लहानपनापासून ऐकायलेय, किशनराव. नवं काय सांगायलाव?"

माणसाला खरं बोलायचं असतं आणि त्याचं कुणी खरं धरू नये अशी वेळ त्यानं स्वतःच आणलेली असते, ह्याला काय म्हणावं? तो मान खाली घालून परत आला.

दिवस कलायच्या आत ओरडा झाला. धुरपताबाईला उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. टांग्यात घालून दवाखान्यात नेली. आणखी दोन घरांत पोरं ओकायला लागली. बातमी फुटली तशी सगळी वस्ती मळ्यात घुसली. पुढं सत्यशीलाबाई, दवाखान्यातून तशाच आलेल्या, पदर खोचलेला.

"तुम्हाला माहीत होतं!" त्या ओरडल्या.

"न्हाई, बाई. आईची आन. आजच कळलं. मला ठाव न्हवतं."

सत्यशीलाबाईंची नजर मांडवाच्या खांबाकडं गेली. खांबाला शिंक्यात एक कळशी टांगलेली होती, वर ओलं फडकं बांधलेली.

"ही कशाची कळशी?"

सगुणाबाई म्हणाली, "प्यायच्या पान्याची. घरच्या आडाचं."

"रोज घरून आणता?"

"रोज."

"विहीर समोर असताना?"

किशनराव कळशीकडं असा बघत होता, जणू ती आजच कुणीतरी तिथं टांगली असावी. दोन वर्षं सगुणाबाई डोक्यावरून ती आणत होती. फवारणी सुरू झाली त्या महिन्यापासून. बैलांनाही तो विहिरीवर पाजत नव्हता, लांब हौदावर नेत होता. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. जिभेला कडवट लागलं म्हणून सोडून दिलं आणि परत त्याचा विचारच केला नाही. म्हणजे माहीत होतं. अंगाला माहीत होतं, बैलाला माहीत होतं, बायकोच्या डोक्यावरच्या चुंबळीला माहीत होतं! तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं थोबाड बडवून घ्यायला लागला. लोक मारायला आले होते. ते बघून तेही मागं सरले.

पुढं काय व्हायचं ते झालं. पोरं दुसऱ्या दिवशी उठून बसली. धुरपताबाई दवाखान्यातच राहिली, जगते का मरते कळेना. विहिरीवर कुणी फिरकेना. किशनरावानं मोटर खोलून ठेवली, औषधाचे डबे लांब माळावर नेऊन पुरले आणि परत पिंपाला हात लावला नाही. त्यात आभाळ आलं. दमट हवेत घडांवर भुरीची बुरशी धरली, मणी तडकले, मांडवाखाली आंबूस वास सुटला. हैदराबादचा व्यापारी आला, नाकाला रुमाल लावून बघितलं आणि आल्या पावली गेला. एवढी भांडणं जिच्यावरून झाली ती विहीर मात्र, कुणी उपसायलाच नसल्यामुळं, पायऱ्यांपर्यंत भरून आली. असं भर उन्हाळ्यात तिला कुणी कधी बघितलं नव्हतं.

बन्सीधर रान मोजायचा टेप घेऊन आलाच. "किशनभाऊ, जाऊ दे रे. रोडला लागून हाय तुजं रान. मस्त प्लॉट पडतेल."

"आनि पानी?" किशनरावानं विचारलं.

"त्याचं बघतेल घेनारे."

किशनरावानं त्याच्या हातातला टेप घेतला, गुंडाळला आणि त्याच्या खिशात घालून त्याला बांधापर्यंत सोडून आला.

धुरपताबाई घरी आल्याचं कळलं त्या सकाळी त्यानं गाडी जुंपली. गाडीत घरच्या आडाचं पाणी भरलेल्या घागरी. सगुणाबाई शेजारी बसली. सत्यशीलाबाईंच्या दारात गाडी थांबली. म्हातारी ओट्यावर बसली होती, अंगावर नुसती कातडी राहिलेली. दारावर पंचरंगी झेंडा हलत होता.

"घरचं पानी हाय," किशनराव म्हणाला. "रोज आनून घालीन. नळ येईपरवर."

सत्यशीलाबाई दारातून हलल्या नाहीत. धुरपताबाईनं घागरीकडं बघितलं. मग तिनं सुनेकडून पेला मागून घेतला, भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"आदी तुमी प्या."

असल्या घरच्या भांड्यातलं पाणी किशनरावाच्या सात पिढ्यांत कुणी तोंडाला लावलं नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड होतं कुठं? तो पुढं झाला, खाली वाकला आणि भांड्याला शिवायला नको म्हणून, सवयीनं, दोन्ही हातांची ओंजळ करून धरली.

म्हातारी त्या ओंजळीकडं बघत राहिली.

"ओंजळ नगा धरू," ती म्हणाली. "म्या लय वर्सं धरली. पेल्यानं प्या. मागून मला बी त्याच पेल्यानं प्यायचंय."

त्यानं पेला घेतला आणि तोंडाला लावून सगळा संपवला. धुरपताबाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं, पेला परत घेतला, न विसळताच भरला आणि मग ती प्याली.