ओठांवरचं बोट

श्रावणातल्या सोमवारी पूजा होईस्तोवर वच्छलाबाई तोंडातून अक्षर काढत नसे. मार्कंड्याच्या महादेवापुढे धरलेलं मौन होतं ते. सारं गाव जाणून होतं. दूधवालाही त्या दिवशी हाक न मारता दारात ठेवलेला दुधाचा गंज भरून जायचा.

त्या सोमवारी तिच्या ओट्यावर शेजारपाजारच्या बाया डोळे मिटून पूजेला बसल्या होत्या. तेवढ्यात पोसक्काची नात दुडदुडत आली आणि तिनं नैवेद्याच्या केळ्याला हात घातला. पोसक्का सिरोंचाकडची, घरात तेलुगू बोलणारी, मुलानं इथं इडलीचा गाडा टाकला म्हणून शेजारी राहायला आलेली. वच्छलाबाईनं पोरीला झटक्यासरशी मागं लोटलं. रागानंच लोटलं, हे तिचं तिला कळलं. पोर ओट्यावरून खाली पडली. ओठ फुटला.

"पापा! अय्यो, पापा!" करत पोसक्का धावत आली.

गुणाबाईनं पदर खोचला. "ऐकलं का वं? उपासाच्या बाईले पाप लावते हे, थेट महादेवासमोर!"

"नाई बाई, पोरीले... आमच्यात पोरीले..." पोसक्काची मराठी तिथंच अडली.

"माहा नातू बापाले पापा म्हणते, अन् तू म्हणे पोरीले म्हणते! मले येडी समजते काय? निंग इथून!"

वच्छलाबाईला ठाऊक होतं. ती मिरची तोडायला तेलंगणात जायची, तेव्हा तिथली मालकीण तिच्या लेकीला, दिव्यानीला, याच शब्दानं जवळ बोलवी, ताक पाजी. आपण बाळी म्हणतो, छकुली म्हणतो, तसंच ते. पोसक्काला हे तिनंच सांगितलं होतं, त्यावरून तर दोघींचं जमलं होतं. आता पोसक्का तिच्याकडेच बघत होती.

"तुमी सांगा न, बाई."

सांगायला गेलं की पुढचं निघणार होतं, मग पोर पडली कशी? वच्छलाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"मौन हाये न तिले," गुणाबाई कौतुकानं म्हणाली. "निष्ठा पायजे तं अशी!"

पोसक्का पोरीला उचलून निघून गेली. पूजा यथासांग झाली. आठवडाभर बाया त्या इडलीच्या गाड्यावरून तोंड फिरवून जात राहिल्या. वच्छलाबाईही मान खाली घालून जायची.

पुढच्या सोमवारी पुन्हा बाया जमल्या. समईत वात घालता घालता वच्छलाबाई उठली आणि सगळ्यांदेखत पोसक्काच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पोसक्का, पोरीले मी ढकललं. तू कोणाले काईच वाईट बोलली नव्हती. मले समजत होतं सारं."

"अवं, तुहं मौन!" गुणाबाई ओट्यावरून ओरडली.

"राहू दे."

पोसक्का उंबऱ्यावर आली. तिच्या लुगड्याआडून पोर डोकावत होती. ओठावरची खपली अजून पडायची होती.

"ये वं, पापा," वच्छलाबाईनं हात पुढे केला.

पोर हलली नाही. तिनं वच्छलाबाईकडे टक लावून पाहिलं आणि हळूच आपल्या ओठांवर बोट ठेवलं.