पाळण्याची कडी

“थांबा! खाली नका उतरवू तिला!”

रस्त्यावरून आवाज आला आणि दोराला लोंबकळणारी तुळई अर्ध्यावरच थांबली. एक टोक अजून भिंतीच्या खोबणीत, दुसरं हवेत. खांबाला दोराचे वेढे देऊन लवू आणि दादू पाय रोवून उभे होते. भिंतीवर बसलेल्या आप्पा सुतारानं कपाळाला हात लावला. आवाज दादूच्या आईचा, राहीचा होता. बंदरावर मासळी विकून कमावलेला तो आवाज एकदा चढला की त्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे.

बंदराच्या गल्लीतलं हे शेवटचं घर, सगुणाबाईचं. बोटीचे उतारू आणणाऱ्या मोटारींना गल्ली पुरेनाशी झाली, तेव्हा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि एका बाजूची सगळी घरं जायची झाली. जाण्याआधी ज्याला जे हवं ते तो उचलून नेत होता. सगुणाबाईचं घरही असंच पांगलं. कौलं यमुनाबाईच्या गोठ्यावर चढली, चिरे कुणाच्या विहिरीला लागले, दारं-खिडक्यांना गिऱ्हाईक मिळालं. राहिली ती माजघरातली फणसाची तुळई. तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. कारण साऱ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कोण बोलणार? सगुणाबाईला मूलबाळ नव्हतं, आणि ज्या घराचा वंश खुंटला त्या घराची तुळई आपल्या माजघरात घालायची नसते. कौलं चालतात, चिरे चालतात, दारंसुद्धा चालतात. इतकं सोयीचं शास्त्र कुणी काढलं ते देव जाणे!

संध्याकाळपर्यंत जे उरेल ते चुन्याच्या भट्टीत जळायला जायचं होतं. भट्टीचा गाडीवान धोंडू बैल सोडून बिडी ओढत बसलाच होता. भावाकडे पालीला जायचं, भावजयीच्या चुलीपाशी उरलेले दिवस काढायचे, हे सगुणाबाईनं मनाशी मान्य केलं होतं. पण ती तुळई जळणार हे मात्र तिला सोसवत नव्हतं. म्हणूनच सकाळी दादू येऊन “काकी, तुळई मी नेतो” म्हणाला, तेव्हा तिला रडू आवरेना. दादू मुंबईहून चार पैसे गाठीला बांधून आला होता आणि गावाबाहेर नवं घर बांधत होता. त्याची बायको गरोदर होती, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. राहीच्या मात्र आलं.

“दादू, अक्कल खाल्लीस काय रे?” मासळीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून राही अंगणात शिरली. “घरात बाईल पोटुशी, नि तू हितलं लाकूड नेतोस?”

“आये, लाकूड चांगलं हाय.”

“चांगलं हाय म्हणून मसणातलं आणशील?”

सगुणाबाई गाठोडं घेऊन तिथंच उभी होती. राहीनं तिला पाहिलं. आवाज उतरला, पण शब्द मागे घेतले नाहीत. “सगुणा, तुला वायट वाटंल. पण पयलंच नातवंड हाय गो. मला भ्या वाटतं.”

गप्प राहण्यात सगुणाबाईचा जन्म गेला होता. कुणाची ओटी भरायची असली की ती आपण होऊनच मागच्या दारी जाऊन बसे, म्हणजे कुणाला सांगावं लागत नसे.

“ठरवा काय ता,” धोंडू बिडी विझवत म्हणाला. “भट्टीलाच जायची तर जपायची कशाला? द्या दोर सोडून. पडून तुटली तर आमची करवत वाचली.”

“लवकर बोला!” लवू ओरडला. “हात सोलले माजे.”

दादूनं आईकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याची पकड ढिली पडली. तुळई हिसका देऊन हातभर खाली आली आणि तिच्या पोटातून आवाज निघाला, कुर्रर्र.

सगळ्यांनी वर पाहिलं. तुळईच्या मधोमध पाळण्याची लोखंडी कडी हेलकावे खात होती.

सगुणाबाईच्या सासऱ्यानं ती नातवासाठी मोठ्या हौसेनं घातली होती. नातू आला नाही. गल्लीतली पोरं आली. पहाटे पाट्या घेऊन बंदरावर जाणाऱ्या बाया आपली तान्ही सगुणाबाईच्या माजघरात टाकून जात. डाव्या हातानं तांदूळ निवडावेत आणि उजव्या हातानं पाळण्याची दोरी ओढावी, यात तिची वर्षं गेली.

“राही,” सगुणाबाई बोलली, तेव्हा तिचा स्वर तिलाच परका वाटला. “नेऊ नको हवं तर. जळू दे. पण ती कडी बघ एकदा. ती कुणी झिजवली? माज्या पोरानं नाय. तुज्या दादूनं झिजवली, शेजारच्या मथुरेच्या सदूनं झिजवली. ह्या घराला वंश नव्हता, तर हे कोण व्हते गो?”

दोर तेवढा करकरत होता.

राहीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. कडीकडे बघत राहिली.

“आप्पा,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “धरंल काय रे ती अजून?”

“निम्मी झिजलीय. पण तुज्या नातवंडांना पुरंल.”

“मग बगत काय ऱ्हायलात? उतरवा! नि आपटलीत तर एकेकाला बघून घेईन!” आणि पदर खोचून ती स्वतःच दोराला जाऊन भिडली.

तुळई जमिनीला टेकली तेव्हा लवू मटकन खाली बसला. धोंडूची गाडी आयतीच होती. कुरकुरत का होईना, त्यानं बैल जुंपले. तुळई आडवी ठेवली, कडी बाजूला लोंबती राहिली.

“घरी गेल्यावर तेल घालते हिला,” राही म्हणाली. “काय मेली कुरकुरते!”

“नको घालू गो,” सगुणाबाई म्हणाली. “त्याच आवाजावर झोपायचा तुजा दादू. आवाज थांबला की उठून रडायचा.”

राहीनं पदरानं तोंड पुसलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. बारशाला ये, एवढंच म्हणायला हवं होतं. ते तिच्या ओठांवर आलं होतं की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, “सांभाळून जा,” आणि पाटी उचलून गाडीमागून चालू लागली.

गाडी खड्ड्यात गेली की कडी वाजत होती. सगुणाबाई पालीच्या वाटेला लागली. कोपऱ्यावर ती थांबली आणि आवाज येईनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग तिनं गाठोडं डाव्या काखेत घेतलं. उजवा हात मोकळा ठेवायची तिला सवय होती.