शिवडी की लालबाग

मुंबईत कुठल्या वस्तीत राहायचं हे ठरवायला ग्यानबाने महिना घालवला, आणि त्या महिन्यात मनकर्णाचा जीव टांगणीला लागला. मुंबई दोघांनीही पाहिली नव्हती. समुद्र तर त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नसेल. पण लालबाग आणि शिवडी ही दोन नावं डोंगरकडा गावातल्या त्या दोन खणांच्या घरात अशी वावरत होती, की जणू मारुतीच्या देवळामागच्या दोन गल्ल्याच!

जायचं मात्र नक्की होतं. ग्यानबा ज्या मालकाच्या रानात राबायचा तो रझाकारांच्या धास्तीने बायकापोरं घेऊन पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर निघून गेला होता. संक्रांत झाली तरी रानात माणूस नाही, की बैल नाही. हाताला काम नसलेला गडी गावात किती दिवस नुसता पारावर बसणार?

लालबागला गावची दहा-बारा माणसं एकाच चाळीत होती. त्यांतल्या सोनाजीने निरोप धाडला होता, ‘शेजारची खोली रिकामी होऊन राहिली, गिरणीत चिकटवतो, या.’ दुसऱ्या कुणाला असा निरोप आला असता तर त्याने साखर वाटली असती. पण हा सोनाजी म्हणजे मनकर्णाच्या पहिल्या नवऱ्याचा, लिंबाजीचा धाकटा भाऊ. लिंबाजी साप चावून गेला, तेव्हा कौसा तिच्या अंगावर पीत होती. दोन वर्षांनी मनकर्णाने ग्यानबाशी पाट लावला, त्या वेळी पंचांनी निवाडा दिला होता: पोरगी आईजवळ राहील, पण तिचे दुधाचे दात पडायला लागले की ती बापाच्या घरी जाईल.

सोनाजीला मूलबाळ नव्हतं. लालबागला पाऊल ठेवलं की पोर त्याच्या पदरात टाकायची, असं लिंबाजीच्या आईने, गोजरबाईने, गावात सांगून ठेवलं होतं. आणि गेल्याच आठवड्यात कौसाचा खालचा एक दात पडला. मनकर्णाने तो कुणाला न दाखवता चुलीत टाकला आणि पोरीला बजावलं, ‘बाहेर हसू नको.’ हसू नको असं कधी कुठल्या आईने लेकराला सांगितलंय का? तिने सांगितलं, आणि मग मोरीत बसून रडून घेतलं.

शिवडीचं नाव काढलं ते तांड्यावरच्या खेमाने. हा खेमा तिथल्या वखारीत कापसाच्या गाठी वाहून आला होता. त्याने काही गोड करून सांगितलं नाही.

“लालबागला नळ हाय, माणसं हायेत, पोळा-दिवाळी हाय. शिवडीत पाण्याला लांब जावं लागतं. समुद्राचं पाणी मागं सरलं की चिखलाचा वास नाकात बसतो. पर तिथं कोन कुठला, कुनी इचारत न्हाई.”

“मंग शिवडीच,” मनकर्णा म्हणाली.

“अगं, पर परक्या वस्तीत उद्या मी पडलो तर खांदा द्यायला कोन?” ग्यानबाचा जीव वरखाली झाला. तो मनाचा वाईट नव्हता. कौसाला तो खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडला होता. पण गावची माणसं सोडून मुद्दाम दुसरीकडे बिऱ्हाड करायचं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

“खांदा द्यायला न्हाई भेटला तरी चालंल,” ती म्हणाली. “माझं लेकरू माझ्याजवळ पायजे. तुमाला बराबर कळतं मी काय म्हणून राहिले.”

ग्यानबाला कळलं. त्याने मानही डोलवली. आणि मग त्या भल्या माणसाने असा घोळ घातला, की त्याला ओवाळावं की उलथनं फेकून मारावं हेच समजेना. साधी बकरी घ्यायची तर चार जणांना विचारणारा हा माणूस, वस्ती काय गुपचूप निवडणार? न्हाव्याला विचारलं. तेल्याला विचारलं. आठवडी बाजारात मुंबईहून आलेलं कुणीही दिसलं, की त्याला गाठून विचारायचा, “शिवडीत आपल्या गावचं कुनी हाय का हो?” समोरचा “न्हाई” म्हणाला की याचा चेहरा खुलायचा! परमुलखात आपलं माणूस नाही हे ऐकून खूश होणारा गडी लोकांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यांनी काय ते ओळखलं.

मनकर्णाला हे पाणवठ्यावर कळलं. ती तशीच रिकामी घागर घेऊन घरी आली.

“इचारून राहिलात का दवंडी देऊन राहिलात?” ती ओरडली. “समद्या गावाला ठावं झालं!”

ग्यानबाचं तोंड एवढंसं झालं. “मी लेकराचं नाव एका शब्दानं काढलं न्हाई,” एवढंच तो पुटपुटला. कौसा भिंतीला टेकून दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. महिनाभर ती अशीच पाहत होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

निघायच्या दिवशी खेमाने नांदेडच्या स्टेशनापर्यंत गाडी जुंपली. दोन बोचकी, जातं, तवा एवढाच संसार. कौसा बोचक्यावर चढून बसली आणि मनकर्णा तिच्या शेजारी चढते न चढते तोच काठी टेकत गोजरबाई समोर आली. मनकर्णाने पदर डोक्यावर ओढला.

“आत्याबाई, येते,” ती कशीबशी म्हणाली.

“कुठं जाऊन राहिली?”

ग्यानबाने तोंड उघडलं, पण म्हातारीने काठी वर करून त्याला गप्प केलं.

“तुमाला न्हाई इचारत. मोठ्या माणसाच्या तोंडाचा मला भरवसा न्हाई. मी लेकराला इचारते. शिवडी म्हनली तर पोरगी इथंच उतरंल. वेशीत पाटलाचं माणूस उभं करून आले मी.” मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. “कौसे, बाई माझे, कुठं चालली तू?”

मनकर्णाने बोचक्याची गाठ घट्ट धरली. घरात शिवडीचं नाव रोज निघत होतं. पोरीला दुसरं काय माहीत असणार? संपलं सगळं, तिला वाटलं.

कौसाने आजीच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“लालबागला,” ती म्हणाली. “सोनाजीकाकाच्या शेजारी. काका मला झगा घेनार हाय.”

आणि ती हसली. दात पडलेली जागा लख्ख दिसली.

गोजरबाईच्या हातातली काठी खाली पडली. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कानशिलावर बोटं मोडली आणि ती मोठ्याने रडू लागली. “माझ्या लिंबाजीचं हसू गं हे! एवढंच राहिलंय मला.” कनवटीचा रुपया सोडून तिने कौसाच्या मुठीत कोंबला. मनकर्णाच्या पाठीवरून हात फिरवला. पाट लागल्यापासून तिने मनकर्णाला शिवलंही नव्हतं. “गावात नको नको ते उठवतात लोक. मी तुझ्यावर संशय धरला, मनकर्णे. मनात ठेवू नको. हातपाय चालतायत तवर उन्हाळ्यात येते मी लालबागला. लेकराजवळ चार दिवस राहते.”

“या,” मनकर्णा म्हणाली. त्या एका शब्दाची तिला इतकी शरम वाटली, की तिने मान वर केली नाही.

गाडी हलली. वेशीतल्या माणसाने हात केला नि बाजूला सरला. ग्यानबा चाकामागून खाली मान घालून चालत होता. पोरीला हे कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं नाही. कुणी शिकवलं नव्हतंच. आपण जिंकलो, आता लेकरू आपलं, असं मनकर्णा स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, पण छातीवरचा दगड हलत नव्हता.

ओढा ओलांडल्यावर कौसाने तिच्या कानाला तोंड लावलं.

“माय, मी बराबर बोलले ना?”

“व्हय गं.”

मुठीतला रुपया पोरीने उलटा-सुलटा करून पाहिला.

“मंग आजी लालबागला आली अन् आपुन तिथं न्हाई, तर ती कुनाला जवळ घेऊन निजंल?”

मनकर्णाने मागे वळून पाहिलं. गोजरबाई अजून वाटेतच उभी होती.

“खेमाभाऊ, गाडी हाण,” ती म्हणाली आणि कौसाने आणखी काही विचारू नये म्हणून तिचं तोंड पदराखाली ओढून घेतलं.